वस्त्रगाळ

नगर जिल्ह्याचा इतिहास म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे भुईकोट किल्ला उभा राहतो. तटावर झुंजणारी चांदबिबी, १८०३ साली वेढा घालून किल्ला घेणारा वेल्स्ली, १९४२ मध्ये त्याच भिंतींआड डांबलेले पंडित नेहरू. हे सारे खरे आहे, आणि आम्ही मास्तर मंडळी ते वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. परंतु पारनेर-कर्जतकडच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याशी बोलत बसावे, तर त्याच्या तोंडी वेल्स्ली कधी येत नाही. तो बहात्तरचा दुष्काळ सांगतो. कोणत्या उन्हाळ्यात कोणती विहीर आटली, हे त्याला मुलांच्या जन्मसालांपेक्षा पक्के ठाऊक असते. या जिल्ह्याची खरी बखर पाण्याची आहे. शहराचे नाव १४९० पासून अहमदनगर होते, २०२४ साली अहिल्यानगर झाले. पाण्याची ओढ मात्र दोन्ही नावांखाली तीच राहिली.

त्या बखरीतले एक पान फार रंगतदार आहे. नगरच्या जवळ भातोडी म्हणून गाव आहे आणि तेथे मेहेकरी नदीवर जुना तलाव आहे. निजामशाहीचा वजीर सलाबतखान याने तो बांधविला. शहा डोंगरावरच्या ज्या उंच इमारतीला लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात, ती याच सलाबतखानाची कबर. चांदबिबीचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही, हे मी दरसाल सहलीला निघताना मुलांना सांगतो, आणि परतताना सगळा वर्ग ‘चांदबिबीचा महाल पाहिला’ असेच सांगत येतो. असो. १६२४ साली मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकवटून या भातोडीशी उतरल्या. मलिक अंबरापाशी त्या मानाने सैन्य थोडे. त्याने तलावाचा बांध फोडला. पाणी छावणीत शिरले, चिखल झाला, तोफा आणि जनावरे रुतली, आणि त्या गोंधळात अंबराने घाला घातला. शहाजीराजे या लढाईत होते. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी येथेच पडले. पाण्याचे असे हत्यार केल्याचे दुसरे उदाहरण दख्खनच्या इतिहासात चटकन आठवत नाही.

या कथेत पाणी किती होते, कोठून सुटले आणि कोणाला घेऊन गेले, एवढे येते. पाणी कसे होते, हे येत नाही. लढाईच्या कथेत ते यावे अशी अपेक्षाही नाही. पण पाण्याच्याच कथेतही ते येत नाही, याचे मला नवल वाटते. निजामशाहीने कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा ठिकाणांहून खापराच्या नळांनी शहरात पाणी खेळविले, त्याची वर्णने आहेत. इंग्रजांनी भंडारदऱ्याला भिंत घातली, तिची उंची पाठ म्हणून दाखविणारी माणसे आहेत. ‘किती’चा हिशेब आपल्यापाशी चोख आहे. ‘कसे’चा हिशेब पाणी गाळण्याच्या फडक्यावर उरतो, आणि फडके आपण मोरीत झटकून टाकतो.

त्या फडक्यावर काय उरते? तळ्याचे वा धरणाच्या फुगवट्याचे पाणी दाट विणीच्या कापडातून गाळले, ते कापड उलटे करून वाटीभर पाण्यात खळबळले आणि वाटी उजेडात धरली, तर पांढुरके ठिपके हलताना दिसतात. धुळीचा कण वाहतो. हे ठिपके उड्या मारतात. शास्त्रज्ञ त्यांना प्राणिप्लवक म्हणतात. प्लवक म्हणजे तरंगत राहणारे, प्रवाहाविरुद्ध जाण्याचे बळ नसलेले. व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ साली या साऱ्या तरंगत्या सृष्टीला एक नाव दिले, तेव्हापासून तिचे शास्त्र झाले. तीत कितीतरी जाती आहेत. रोटिफर हे अगदी लहान. त्यांच्या डोक्याशी केसांचे वलय असे हलते की चाक फिरल्याचा भास व्हावा. डॅफ्निया आणि तिची भावंडे पारदर्शक कवचात बसलेली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे काळीज उडताना दिसते, पोटातली अंडीही मोजता येतात. सायक्लॉप्स हा लांबट, पेरूच्या बीएवढाही नाही, कपाळावर एकच डोळा. ग्रीक पुराणात एकाक्ष राक्षस आहेत, त्यांचे नाव या बिचाऱ्याला चिकटले.

पाण्यातले इवले जीव भिंगाखाली पाहणाऱ्यांत एक कापडदुकानदार होता, हा योगायोग मोठा गोड आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. भिंगे घासण्याचा त्याला नाद. त्याच्या गावाजवळ एक सरोवर होते. हिवाळ्यात त्याचे पाणी निर्मळ असे आणि उन्हाळा आला की पांढुरके होऊन त्यात हिरवे ढग तरंगत. आसपासचे शेतकरी म्हणत, दवामुळे असे होते. लेव्हेनहूकने ते पाणी कुपीत भरून आणले, भिंगाखाली धरले आणि त्यात हिरव्या तंतूंच्या गर्दीत हिंडणारे इवले जीव पाहिले. ते साल १६७४. त्याच वर्षी जून महिन्यात रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला होता. लेव्हेनहूकच्या त्या सरोवरात एक मुद्दा दडला होता. पाण्याचा रंग ऋतूप्रमाणे पालटतो याचे कारण दवात नव्हते, त्यात राहणाऱ्या जिवांत होते. पाण्याची प्रकृती ओळखायची तर त्याचे रहिवासी पाहावेत, हा विचार शास्त्राच्या रूपाने मांडला जायला मात्र आणखी सव्वादोनशे वर्षे गेली. कोल्कविट्झ आणि मार्सोन या दोघा जर्मनांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नद्यांतल्या वनस्पती व प्राणी यांच्या याद्या केल्या: कोणता जीव सडक्या पाण्यात नांदतो, कोणता किंचित मळलेल्या, कोणता केवळ निर्मळ.

आपल्याकडे या जिवांची ओळख निराळ्या वाटेने झाली. ती वाट दुःखाची होती.

नारू हा शब्द आज तिशीच्या आतल्या वाचकाला कदाचित नुसता ऐकून माहीत असेल. त्यांच्या आजीला विचारावे. पायाला गळू येई, फुटे, आणि त्यातून पांढऱ्या सुतासारखा जंत डोके काढी. तो हातभर, कधी दोन हात लांब. ओढून एकदम निघत नसे. तुटला तर आत सडे आणि पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळे. म्हणून काडीला गुंडाळून रोज बोटबोटभर बाहेर काढायचा. वैद्य त्याला स्नायुक म्हणत. रोगाने मरणारे थोडे. पण तो नेमका कामाच्या दिवसांत उपटे आणि घरातला कर्ता हात बसवून ठेवी. पेरा हुकलेल्या घराला वर्ष कसे जाते, हे नगर जिल्ह्यात वेगळे सांगावयास नको.

हा जंत येतो कोठून, याचे उत्तर फेडचेन्को नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास मध्य आशियात समरकंदकडे शोधले. नारूची सूक्ष्म पिल्ले पाण्यात सुटतात, आपला एकाक्ष सायक्लॉप्स ती गिळतो, पंधरवडाभरात ती त्याच्या पोटात तयार होतात, आणि असा सायक्लॉप्स पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेला की सुमारे वर्षाने नारू बाहेर पडतो. मुंबईत परळच्या ज्या प्रयोगशाळेला पुढे हाफकिन संस्था हे नाव मिळाले, तेथे डॉ. तर्खड यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वयंसेवकांवर प्रयोग करून ही वाट माणसापर्यंत पोहोचते हे दाखविले.

आता आपली पायऱ्यांची विहीर डोळ्यांपुढे आणा. बारव म्हणजे दख्खनच्या गवंड्याची कमाल. चोंडीच्या शिंद्यांची लेक, पुढे होळकरांच्या घरची अहिल्याबाई, हिने ठिकठिकाणी विहिरी, बारवा आणि घाट बांधविले. पांथस्थाला दोराशिवाय, घागरीशिवाय, नुसत्या ओंजळीने पाणी मिळावे हा त्यामागचा कनवाळूपणा. पायऱ्या या दयेच्याच होत्या. परंतु त्याच पायऱ्या उतरून नारूचा रोगी गुडघाभर पाण्यात उभा राही. गार पाण्याने ठणका थांबे, आणि त्याच क्षणी जंत हजारो पिल्ले पाण्यात सोडी. शेजारी दुसरी बाई घागर बुडवीत असे. पाणी काचेसारखे नितळ! त्या नितळपणाने गावेच्या गावे फसली.

पण ज्या घरी दुहेरी फडक्यातून पाणी गाळण्याचा नेम होता, त्या घरी नारू सहसा शिरत नसे. जैन घरांतून हा नेम धर्माचा; सूर्यास्तापूर्वीचे जेवण जितके कडक, तितकेच गाळणेही. हेतू होता पाण्यातल्या जिवाची हिंसा टाळण्याचा, आणि त्यात माणसाचा जीव वाचत होता. पुढे सरकारने नारूनिर्मूलनाची मोहीम हाती घेतली ती १९८३-८४ च्या सुमारास. १९८४ साली देशात नारूचे ३९,७९२ रोगी मोजले गेले, आणि रोग असलेल्या सात राज्यांत आपला महाराष्ट्र होता. मोहिमेत औषधाच्या गोळ्या नव्हत्याच, कारण नारूवर औषध नाही. पायऱ्या बुजवून विहिरींना कठडे आणि रहाट बसविले, हातपंप खोदले, सायक्लॉप्स मारण्यापुरते औषध पाण्यात घातले, आणि घरोघर गाळण्याचे फडके दिले. भारतातला शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत राजस्थानात आढळला. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. एवढा जुना रोग फडक्याने आणि कठड्याने गेला. देवीच्या रोगाला लस तरी होती.

जुनेराचा महिमा येथेच संपत नाही. पटकीचे जंतू पाण्यात मोकळे पोहतात तसेच ते या सायक्लॉप्सच्या जातभाईंच्या अंगाला चिकटूनही राहतात. रीटा कोलवेल या अमेरिकन विदुषीने बांगलादेशातल्या खेड्यांत बायांना साडी चौपदरी करून पाणी गाळावयास लावले. पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. हा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असेही दिसले की नव्या साडीपेक्षा जुनी, धुऊन धुऊन सूत फुगलेली साडी अधिक चांगले गाळते. आमच्या आया-आज्यांनी गाळण्यासाठी जुनेरच का राखून ठेवले याचे कारण त्यांना विचारले असते, तर ‘नवे कोण फाडतो?’ एवढेच मिळाले असते.

येथवर हे प्राणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. आता त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणतो, कारण नारू गेला तरी त्यांचे काम संपलेले नाही.

जिल्ह्याचे पाणी आज बारवेतून येत नाही, धरणांतून येते. रतनगडाच्या अंगाखांद्यावरून प्रवरा निघते. अमृतेश्वराच्या देवळाला वळसा घालते न घालते तोच भंडारदऱ्याच्या जलाशयात शिरते. १९१० साली या भिंतीचे काम निघाले आणि १९२६ साली पुरे झाले. साठा ११ अब्ज घनफूट. दक्षिणेकडे राहुरीजवळ मुळा नदीवर स्वातंत्र्यानंतर बांधलेले धरण याच्या दुपटीहून मोठे, २६ अब्ज घनफुटांचे. नगर शहर आज तेच पाणी पिते. भंडारदऱ्याच्या कालव्यांनी खालच्या माळरानाचा ऊस केला. हरिगावला बेलापूर कंपनी आली, १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या पाठोपाठ साऱ्या खोऱ्यात धुराडी दिसू लागली. या धुराड्यांनी जिल्ह्याला भाकरी दिली, शाळा दिल्या. त्यांच्यावर तोंडसुख घेण्याचा माझा विचार नाही. परंतु उसाला खत लागते, खताचा न मुरलेला भाग पावसाबरोबर ओढ्याला लागतो. गावे वाढली, त्यांची गटारे नदीलाच मिळतात. मळीचा वास ज्या ओढ्याला येतो त्या ओढ्याचे पाणी कोठे जाते हे विचारण्याची गरज नसते. प्रवरा अकोले, संगमनेर करीत नेवाशाला येते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते हे नेवासे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. तेथून पुढे प्रवरासंगमाला ती गोदावरीत मिळते, आणि तो संगम आज पैठणच्या नाथसागराच्या फुगवट्यात आहे. रतनगडावर पडलेला थेंब असा दोन-तीन ठिकाणी अडवला जाऊन, शेतांतून पाझरून, शेवटी छत्रपती संभाजीनगरच्या माणसाच्या पेल्यात जातो.

त्या थेंबाचे वाटेत काय झाले हे प्लवक सांगतात. खताचे आणि सांडपाण्याचे अंश पाण्यात साठले की हिरवे शेवाळ माजते, आणि शेवाळ माजले की ते खाणाऱ्यांची वस्ती पालटते. ब्रॅकिओनस नावाचा एक रोटिफर आहे, कवचाला काटे असलेला. अशा अतिपोषित पाण्यात त्याच्या जातीच्या टोळ्या दिसू लागतात. डॅफ्नियाची बहीण मोयना घाण पाणीही मानवून घेते. उलट डायाप्टोमस हा सायक्लॉप्सचा चुलतभाऊ सामान्यतः निवळ, कमी पोषणाच्या पाण्यात रमतो. तो मागे हटू लागला आणि सायक्लॉप्स माजला की जाणत्याच्या कपाळाला आठी पडते. बारा बलुतेदार आपापल्या घरी नांदत असलेले गाव आणि एकाच मालाची शंभर दुकाने लागलेला बाजार, यांत जो फरक, तोच निरोगी आणि रोगट पाण्यात: पहिल्यात जाती पुष्कळ आणि प्रत्येकीची माणसे बेताची, दुसऱ्यात जाती थोड्या आणि झुंबड अफाट. डॅफ्निया तर याहून स्पष्ट बोलते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की ती आपल्या अंगी अधिक रक्तरंग तयार करते आणि लालसर दिसू लागते.

कोणी म्हणेल, पाणी तपासायला प्रयोगशाळा आहेत. आहेतच. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालीच केला, देशाने १९७४ साली. परंतु बाटलीत भरून नेलेले पाणी त्या घटकेपुरते बोलते. रात्री ओढ्यात काही सोडले आणि सकाळी बाटली भरली, तर बाटली निर्दोष सुटते. प्लवक त्या पाण्यात कित्येक दिवस जगलेले असतात. परवाच्या रात्रीचा प्रकार त्यांच्या वस्तीत आज दिसतो. साक्ष घेण्याची रीत मात्र सांभाळली पाहिजे. पावसाळ्यात गढूळ पुराने त्यांची दाणादाण उडते, उन्हाळ्यात पाणी आटून संख्या फुगते, आणि मासे मोठ्या डॅफ्निया वेचून खातात, त्यामुळे त्या कमी दिसल्या तर दोष दर वेळी सांडपाण्याचाच नसतो. म्हणून महिन्या-महिन्याला, त्याच जागी, वर्षभर पाहावे लागते. हे काम करणारे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आणि विद्यार्थी आपल्याकडच्या महाविद्यालयांत आहेत. पाणी ओढण्याचे त्यांचे जाळे, गंमत पाहा, मुळात पीठ चाळण्यासाठी विणलेल्या रेशमी कापडाचे असे. त्यांचे निबंध मात्र कपाटात राहतात. नगर-नाशिकचे पाणी मराठवाड्याला किती सोडावे यावर मोर्चे निघतात, न्यायालये भरतात, दर दुष्काळी वर्षी वर्तमानपत्रे तापतात. सोडलेले पाणी कसे होते यावर मी तरी कोणाला भांडताना पाहिले नाही. देणाऱ्यालाही ते विचारावेसे वाटत नाही, घेणाऱ्यालाही नाही.

आणि हे साक्षीदार मेल्यावरही बोलतात. तळे आटू लागले, की डॅफ्निया नेहमीची अंडी सोडून एक निराळे अंडे घालते; त्यावर काळसर, चिवट आवरण असते. ते गाळात पडते, गाळ वाळून भेगाळतो, वैशाखाचे ऊन सोसतो, आणि मृगाचे पाणी मिळाले की अंडे फुटते. आमच्या जिरायती भागातल्या गावतळ्यांत दर पावसाळ्यात जीव कोठून येतात, याचे हे उत्तर आहे. पण कित्येक अंडी फुटतच नाहीत. ती खाली गाडली जातात, वर थर चढत जातात. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका सरोवराच्या तळातून सहा-सातशे वर्षांपूर्वीची अशी अंडी काढून त्यांतून जिवंत पिल्ले निपजविल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. शेतीतले खत त्या सरोवरात उतरण्यापूर्वीची डॅफ्निया आणि नंतरची डॅफ्निया शास्त्रज्ञांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि दोघींत फरक पडल्याचे त्यांना दिसले.

भातोडीचा विचार मनात येतो तो येथे. मलिक अंबराने फोडलेला तो बांध, पुढे नादुरुस्त राहिलेला आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी पुन्हा उभारलेला तलाव. त्याचे थर मिनेसोटाइतके नीट लागलेले नसतील. तळे कोरडे पडते तेथे गाळ फाटतो आणि वरचे खाली जाते. तरीही एखाद्या जुन्या तलावाच्या तळात ऊस येण्यापूर्वीच्या, खते येण्यापूर्वीच्या पाण्याचे काही पुरावे पडलेले असू शकतात. २०१७ पासून महाराष्ट्रात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी योजना आहे. उन्हाळ्यात जुन्या तलावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून गाळ शेतांवर जातो. गाळ काढलाच पाहिजे. शेताला तो सोन्यासारखा आणि तलावाला मोकळा श्वास. फक्त ट्रॉली भरण्यापूर्वी उभा काप घेऊन हातभर नळीत थोडा गाळ कोणी विद्यार्थी घेऊन गेला, तर शेतकऱ्याचे काय जाते?

दिवाळीच्या सुट्टीत तळी भरलेली असतात. मुलांनी फडके आणि वाटी एवढ्यावर काम भागवावे, मोठ्यांपैकी कोणीतरी काठावर सोबत असावे, आणि वाटीतले पाणी पिऊ नये. दुसरा प्रयोग उन्हाळ्याचा आहे. कोरड्या पडलेल्या गावतळ्यातला, भेगा पडलेला मूठभर गाळ काचेच्या बरणीत घालावा, वर पावसाचे किंवा शिळे, औषध न घातलेले पाणी ओतावे आणि बरणी खिडकीत, कडक ऊन लागणार नाही अशी ठेवावी. पहिले दोन-तीन दिवस नुसता चिखल दिसेल. आठवड्याच्या आत रात्री बरणीमागे बॅटरी धरावी; ठिपके उजेडाकडे उड्या मारीत येतात.